आरोपीची साक्ष

दर वर्षीच्या उपकारस्तुतीच्या प्रार्थनेला अश्विनदादा अकोल्याहून यायचा तो पाहुण्यासारखा कधीच नाही, तपासणीला आल्यासारखा यायचा. गाडीतून उतरण्याआधी काच खाली करून तो बघून घ्यायचा, कुंपणाचे खांब सरळ आहेत का, कौलं कुठे सरकली आहेत का, अंगणात कोण कोण रिकामं उभं आहे. जन्मभर मुख्याध्यापकी केलेला माणूस, तो निवृत्त झाला तरी त्याची नजर काही निवृत्त झाली नव्हती. संध्याला या पाहणीची सवय होती. यंदा मात्र त्याने ना कुंपण पाहिलं, ना कौलं. तो उतरला तो थेट मागच्या शेडकडे बघत, जिथे गाद्या भरायचं काम चालायचं.

“सलाम, दादा.”

“सलाम. तो आहे ना इथंच?”

“कोण तो?” कोण ते संध्याला पुरतं ठाऊक होतं. पण नाव भावाच्याच तोंडून वदवून घेतल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं.

“धर्मेंद्र.”

“हाय ना. जाईन कुठी?”

शलोमीवहिनी डबे सांभाळत गाडीच्या मागच्या दारातून उतरल्या. नवरा आणि नणंद यांच्यामधून वाट काढत म्हणाल्या, “हे मटण कोणाच्या ताब्यात देऊ ते सांगा आधी. मग भांडा दोघं.” त्या नेहमीच असं काहीतरी बोलून निसटायच्या. इतक्या वर्षांत त्या कोणाच्या बाजूच्या आहेत हे कोणालाच कळलेलं नव्हतं, आणि बहुधा तेच त्यांना हवं असावं.

संध्याच्या वडिलांच्या, पौलसबाबांच्या या घराला अमरावतीत सगळे ‘सुटलेल्यांचं घर’ म्हणत. बाबा दर रविवारी तुरुंगात प्रार्थना घ्यायला जायचे. सुटलेला माणूस फाटकाबाहेर पिशवी धरून उभा राहतो आणि डावीकडे वळावं की उजवीकडे हेच त्याला ठरवता येत नाही, असं त्यांनी एकदा पाहिलं. त्या माणसाला सायकलवर मागे बसवून त्यांनी घरी जेवायला आणलं. तो जेवला आणि राहिला. मग दुसरा आला. पुढे बाबा गेले, संध्याची नर्सची नोकरी संपली, पण माणसं येतच राहिली. लग्न न केलेल्या बाईने घरात खुनी आणि दरोडेखोर ठेवावेत, यावर लोकांनी जेवढं बोलायचं तेवढं बोलून घेतलं होतं. संध्या कोणाच्या तोंडी लागत नसे असं नाही. ती चांगलीच लागायची, म्हणूनच लोक दमले होते. अब्दुल गफ्फारभाई कापूस पिंजून पाठवायचे, ही माणसं त्याच्या गाद्या भरायची, आणि लग्नसराईत त्यांना मान वर करायला फुरसत नसायची.

चहा होताच अश्विनदादाने बाबांच्या खोलीचं दार आतून लोटून घेतलं. विपुल आधीच तिथे बसला होता. सगळ्यांत धाकटा भाऊ, राजकमल चौकात बॅटऱ्यांचं दुकान, आणि स्वभाव असा की शेवटी जो बोलेल त्याचं त्याला पटायचं. मागच्याच आठवड्यात संध्याच्या हातची भाकरी मोडत तो म्हणाला होता, “ताई, तू बिनधास्त राय, मी हाय ना.” आज तो खिडकीबाहेर संत्र्याच्या झाडाकडे टक लावून बघत होता. त्या झाडात बघण्यासारखं काहीही नव्हतं. संध्याने तेव्हाच ओळखलं, की हा फितला.

“चर्चच्या मंडळीत कुजबुज आहे, संध्या,” अश्विनदादाने सुरुवात केली. त्याची मराठी व्यासपीठांवर घासून घासून गुळगुळीत झालेली होती. “या घरात आलेल्या प्रत्येकाने आजवर मंडळीपुढे साक्ष दिली. हा एकटाच टाळतो. का टाळतो? तर पश्चात्ताप झालेला नाही.”

“त्याले बोलता येत नाई म्हून टाळते. कारण दुसरं काईच नाई.”

“मग आज बोलू दे. साक्ष दिली, तर माझी काही हरकत नाही. नाही दिली, तर उद्यापासून तो या घरात नको. घर तिघांचं आहे, आणि विपुलशी माझं बोलणं झालेलं आहे.”

विपुलने संत्र्याचं झाड सोडलं नाही.

“अन् तो जाईन कुठी, दादा?” संध्याचा आवाज चढला. “गाव त्याले पाय ठेवू देत नाई. बायको दुसऱ्याच्या घरी नांदून राहिली. सख्खा भाऊ दारात उभा करत नाई. या अख्ख्या शहरात त्याले काम देणारा एक माणूस दाखव मले, मी आत्ता त्याची पेटी भरून देतो.”

“साक्ष दिली की हा प्रश्नच येत नाही,” असं म्हणून अश्विनदादा उठला. त्याचा वर्ग संपला होता. दारापाशी वळून तो हसला. “शिवाय मी आज एक सोय करून आलो आहे. वेळ आली की कळेल. कोणाचे डोळे कोरडे राहणार नाहीत, बघ तू.”

कसली सोय, हे विचारायचं त्या संतापात संध्याला सुचलंच नाही.

साक्ष म्हणजे काय, तर मंडळीपुढे उभं राहून आपण काय होतो आणि प्रभूने आपलं काय केलं ते सांगायचं. बाबांच्या काळात त्यात जीव असायचा. पण वर्षानुवर्षं ऐकून ऐकून तिचा एक साचा पडला होता. आधी दारू, मग वाईट संगत, मग अंधार, एकदम उजेड, शेवटी आमेन, आणि लगेच जेवण. नव्याने आलेला माणूससुद्धा दोन उपकारस्तुत्या ऐकल्या की घडाघडा साक्ष देऊ लागायचा. संध्याला त्या साच्याचा कंटाळा आला होता हे खरं. पण आज तिला तोच साचा हवा होता. धर्मेंद्रने पाच वाक्यं बोलावीत, मंडळीने आमेन म्हणावं आणि तिच्या भावांची तोंडं बंद व्हावीत, एवढंच तिला हवं होतं.

ती शेडमध्ये गेली तेव्हा धर्मेंद्र एकटाच होता. बाकीचे चुलीपाशी होते. तो एका गादीला टाके घालत बसला होता, केसांत आणि भुवयांत कापूस. पन्नाशीचा, आडव्या हाडाचा माणूस. सुटून आल्यावर पहिले काही महिने तो दार उघडं असलं तरी उंबऱ्यात थांबायचा आणि कोणीतरी ‘जा’ म्हणेपर्यंत उभाच राहायचा. ते आता गेलं होतं.

“धर्मेंद्र, आज साक्ष दे बाबा. दोन शब्द बोल, बाकी काई नोको.”

सुई थांबली. “साक्ष? म्या?”

“हो. सगळेच तं देते.”

“मले देऊ देईन का कोणी?” त्याने खरोखरच विचारलं. “वकील म्हणे, आरोपीची साक्ष नसते. पंचाची असते, डॉक्टरची असते, ज्यानं काई पायलं नाई त्याचीबी असते. सगळ्याइनं माह्या समोर साक्ष देली, ताई. मी पिंजऱ्यात उभा राहून आयकत जाओ.”

संध्या हसली. हा माणूस कधी गंमत करत नाही, आज करतोय, म्हणजे मन हलकं झालेलं दिसतं, असं तिला वाटलं.

“इथी आरोपीचीच साक्ष असते,” ती म्हणाली.

“सगळं सांगा लागन?”

“जे मनात असंन ते सांग. खरं सांगतलं म्हणजे झालं.”

“खरं,” धर्मेंद्र म्हणाला. त्याने दोरा दाताने तोडला, सुई कापडात नीट टोचून ठेवली. “मंग मी आंग धुऊन येतो.”

इतक्या सहज काम झालं म्हणून संध्या जवळजवळ धावतच घराकडे आली. रस्सा उकळत होता, त्याची चव बघून तिने उगीचच “लय मस्त झाला” म्हटलं, जे एरवी ती कधी म्हणत नसे. त्या आनंदात धर्मेंद्र काय बोलला ते तिच्या कानांवरून गेलं, आत उतरलंच नाही.

दिवाणखान्यात जमखाने अंथरले होते. मंडळी दाटीवाटीने बसली. चर्चचे पाळकसाहेब म्हातारे आणि मऊ मनाचे, शास्त्रवाचन करतानाच त्यांचा आवाज कापायचा. गीत झालं, प्रार्थना झाली. अगदी मागे, दाराजवळ, एक म्हातारं जोडपं भिंतीला टेकून बसलेलं संध्याने पाहिलं. बाईचं नऊवारी लुगडं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर टोपी. कोणाचे तरी गावाकडचे नातेवाईक असतील म्हणून तिने त्यांच्याकडे पाण्याचा तांब्या पाठवला आणि विसरून गेली.

मग धर्मेंद्र उभा राहिला. सदऱ्याचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं, केस पाण्याने चापून बसवलेले. तो टेबलापाशी आला आणि पाळकसाहेबांना हळूच म्हणाला, “हात कशावर ठिवा लागते?”

पाळकसाहेबांना गहिवरून आलं. त्यांनी आपलं बायबल पुढे केलं. धर्मेंद्रने त्यावर हात ठेवला.

“खरं सांगीन, खोटं सांगनार नाई.”

“आमेन,” मंडळी म्हणाली. अश्विनदादाने शलोमीवहिनींकडे पाहून मान डोलावली.

“माहं नाव धर्मेंद्र महादेवराव. राहणार तालुका बार्शीटाकळी. धंदा शेती.” तो जरा थांबला. “आता गाद्या.”

शेडमधलं त्याचं सगळं बोलणं संध्याला आत्ता, या क्षणाला, पहिल्यांदा ऐकू आलं. या माणसाने गंमत केलीच नव्हती. साक्ष म्हटल्यावर त्याला जे एकच माहीत होतं ते द्यायला तो अंघोळ करून आला होता.

“ज्याले मी मारलं त्याचं नाव किशोर नत्थुजी. आमचे वावरं लागून. मधात धुऱ्याचा बांध, धुऱ्यावर बाभूळ. बाभूळ त्यानं तोडली. मी म्हटलं माही, तो म्हणे माही. मी दारू प्यालो नव्हतो. माहे कोणी कान भरोले नव्हते. अंधारबी नव्हता, भर दुपार होती. कुऱ्हाड त्याचीच होती, खाली पडेल होती. मी उचलली.”

जमखान्यावर चुळबुळ सुरू झाली. दारू नाही, संगत नाही, अंधारसुद्धा नाही. मंडळीला पुढे कुठे आमेन म्हणायचं तेच कळेना. संध्याचं लक्ष मात्र मागच्या भिंतीकडे गेलं होतं. किशोर नत्थुजी हे नाव निघताच तिथून एक आवाज आला होता, हुंकारासारखा. म्हातारीने नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं होतं. संध्याने अश्विनदादाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य अजिबात नव्हतं. तो वाट बघत होता. ही होती त्याची सोय.

“जन्मठेप झाली,” धर्मेंद्र सांगत होता. “जेलात शिवणकाम केलं. मले माफी भेटली.”

“आमेन!” सुटका झाल्यासारखी अख्खी मंडळी एकदम ओरडली. “प्रभूची स्तुती असो!” पेटीवाल्याने तर सूरसुद्धा धरला.

धर्मेंद्र गोंधळला. “तशी नाई जी,” तो घाईने म्हणाला. “जेलची माफी. काम चांगलं केलं का दर महिन्याले सजेतले दिवस कमी करते ते. त्यालेच तिथी माफी म्हणते.”

पेटीवाल्याने बोटं उचलली. आता अश्विनदादा उठला. हे प्रकरण हातातून निसटतंय हे त्याला कळलं होतं, आणि निसटणारे वर्ग सांभाळण्यात तर त्याची हयात गेली होती.

“बंधुभगिनींनो,” तो म्हणाला, “जगाची माफी वेगळी आणि खरी क्षमा वेगळी. आज किशोरचे आईवडील, नत्थुजी आणि कौशल्याबाई, बार्शीटाकळीहून इथे आले आहेत. माझ्या एका विद्यार्थ्याने त्यांना आणलं. कौशल्याबाई, पुढे या. मनात जे आहे ते बोला.”

सगळ्या माना मागे वळल्या. विपुल भिंतीशी मोबाईल उंच धरून उभा होता. त्यालाही हे आधीपासून माहीत होतं तर! संध्याच्या अंगाची लाही लाही झाली. लेक गमावलेल्या बाईला दादाने वाढदिवसाच्या केकसारखं आणून मांडलं होतं, सगळ्यांनी बघावं आणि फोटो काढावेत म्हणून. धर्मेंद्रने दुसऱ्या हाताने टेबलाची कड धरली होती. तो म्हातारीकडे बघत नव्हता, जमिनीकडे बघत होता.

कौशल्याबाई आल्या. बारीक चणीची बाई, पण चालणं शेतात चालल्यासारखं, कोणाला न विचारता. त्या धर्मेंद्रपासून हातभर अंतरावर थांबल्या आणि अश्विनदादाकडे वळल्या.

“मास्तर, तुमी निरोप धाडला का तो साक्ष देनार हाय. म्हून आलो आमी.”

“हो, दिली ना त्याने.”

“कुठी देली? मी काई इचारलंच नाई अजून. इचारल्याबिगर साक्ष होते काय? तवा कोर्टात मले इचारू देलं नाई. दोन खेपा उभी राहिली, दोन्ही खेपा बसोलं.”

दिवाणखान्यात इतकी माणसं, जन्मापासून साक्ष हा शब्द ऐकत आलेली. पण त्या शब्दाचा एकच अर्थ लावणारी तिथे दोनच माणसं आहेत, एक मारणारा आणि एक ज्याला मारलं त्याची आई, हे संध्याला लख्ख कळलं. बाकी सगळी मंडळी, ती स्वतःसुद्धा, या घटकेला परकी होती.

“हे इकडे पाय,” कौशल्याबाई धर्मेंद्रला म्हणाल्या. “किशोरच्याबद्दल तू जजसायबाले काय सांगतलं होतं?”

धर्मेंद्रची नजर जमिनीवरच राहिली.

“बोल. हात ठिवला ना पुस्तकावर?”

“किशोर माह्या बायकोच्या मांगं लागला होता, म्हून माहं डोकं फिरलं, असं सांगतलं.”

“खरं होतं?”

“बाई,” अश्विनदादा पुढे सरसावला, “जुनं उकरून कोणाचं भलं झालंय? आज आपण क्षमेच्या—”

“दादा, खाली बस.”

संध्या उभी राहिली होती. आपण कधी उठलो ते तिला आठवत नव्हतं.

“संध्या, तू मधे—”

“मधात तू बोलून राहिला. साक्ष चालू हाय. तूच मांगतली होती ना? मंग बस अन् आयक.” थोरल्या भावाला चार माणसांत ती असं कधी बोलली नव्हती. “अन् विपुल, तो मोबाईल खिशात घाल. हे लग्न नोय.”

विपुलने मोबाईल खिशात घातला. अश्विनदादा मात्र बसला नाही, नुसता एक पाऊल मागे सरकला.

“खरं होतं का?” कौशल्याबाईंनी पुन्हा विचारलं. मधलं सगळं त्यांनी ऐकलंच नव्हतं.

“खोटं होतं, माय.”

“माय नोको म्हणू मले.”

“खोटं होतं, बाई. वकिलानं शिकोलं. असं सांगतलं का सजा कमी होते म्हणे. जजसायबाले म्या तेवढी एकच गोठ सांगतली, अन् तेच खोटी होती. किशोरनं माह्या बायकोकडं कधी मान वर करून पायलं नाई. बाभळीवरून भांडण झालं. दुसरं काई नव्हतं.”

“जोरानं बोल.”

“किशोरनं माह्या बायकोकडं कधी पायलं नाई.”

“अजून जोरानं. यायले आयकू येत नाई.” त्यांनी भिंतीशी बसलेल्या नवऱ्याकडे हात केला.

धर्मेंद्र ओरडून बोलला. रस्त्यावर ऐकू गेलं असेल. नत्थुजींना पहिल्यापासून सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून तोंडावर धरली होती आणि त्यांचे खांदे हलत होते.

कौशल्याबाईंच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. “तुही ते एक गोठ गावभर झाली,” त्या म्हणाल्या. “पोरगा गेला ते गेला, वरून लोक म्हणे, बाईच्या पायी मेला. माही सून ते आयकून माहेरी चालली गेली, लेकराले घेऊन. त्याचा भिंतीवरचा फोटू आमच्याच घरी ठिवून गेली. नातू माहा बापाचं नाव घेत नाई. तू जेलात होता, तुले काय मालूम. आमी घरात होतो, तरी आमाले तोंड दाखवाची सोय नव्हती.”

धर्मेंद्रने बळेच कुठली सबब शोधली नाही, याबद्दल संध्याला त्याचा त्या घटकेला अभिमान वाटला.

“एक राहिलं,” कौशल्याबाई म्हणाल्या. इथे पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली आला. “पडल्यावर काई बोलला का तो?”

“पाणी मांगतलं.”

“देलं?”

“नाई. मी तिथून पयून गेलो.”

कोणीतरी हुंदका दिला. कौशल्याबाईंचा हात हवेत आधार शोधू लागला, आणि तो हात धरला शलोमीवहिनींनी. त्या पाळकसाहेबांच्या बाजूच्या खुर्चीवरून उठून, जमखान्यावरच्या बायकांना ओलांडत, नवऱ्याच्या समोरून, कोणाकडेही न बघता आल्या होत्या. त्यांनी म्हातारीच्या कमरेत हात घातला आणि तशाच उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांनी बाजू घेतली ती ही.

“कौशल्याबाई,” अश्विनदादाचा आवाज आता विनवणीचा झाला होता, “त्याने सगळं कबूल केलं. आता तुम्ही एक शब्द, फक्त एकच शब्द क्षमेचा—”

“माफी?” म्हातारीने त्याला नखशिखान्त न्याहाळलं. “ते तं जेलनं देली म्हणे त्याले. जेलची गोठ जेलपाशी. मी काई माफी घेऊन आली नव्हती, मास्तर. मी आयकाले आली होती.”

अश्विनदादाचा चेहरा लाल झाला. त्याने मंडळीकडे, मग पाळकसाहेबांकडे आणि शेवटी भावाकडे पाहिलं. “ही साक्ष नव्हे. यात पश्चात्तापाचा शब्द नाही, प्रभूचं नाव नाही. आपलं काय ठरलं होतं, विपुल?”

“ठरलं कुठी होतं?” विपुल पुटपुटला. “तू बोलला होता, दादा. मी आयकून घेतलं होतं.”

“प्रभूचं नाव नाई?” संध्या म्हणाली. “मंग एवढा वेळ हा कोणाच्या समोर उभा राहून बोलत होता? तुह्या? माह्या? सजा तं भोगून झाली त्याची. खोटं तसंच ठिवलं असतं, तं कोणाच्या बापाले कळलं असतं काय? दादा, बाबा गेल्यापासून या घरात खरी साक्ष झाली ते आज झाली. बाकीचे आमी भाषणं देले अन् मटण खाल्लं. धर्मेंद्र इथीच राहीन. तुले पटत नसंन तं त्याच्यासंगं मलेबी काढ, मंग या घराचं काय कराचं ते तुमी दोघं भाऊ पाहून घेजा.”

कोणी आमेन म्हटलं नाही. पण पाळकसाहेबांनी आपलं बायबल उचलायला हात पुढे केला, धर्मेंद्रचा हात अजून त्यावर आहे हे पाहिलं, आणि आपला हात मागे घेतला.

धर्मेंद्रनेच तो हात काढला. “भांडू नोका, ताई,” तो म्हणाला. “मी जातो. साक्ष झाली माही.” आणि तो खरंच निघाला. मंडळी बाजूला सरकून त्याला वाट देऊ लागली. संध्या त्याला गाठायला जमखान्यावरच्या बायकांमधून वाट काढू लागली.

तो दारापर्यंत पोचला. तिथे नत्थुजी उठून उभे होते, टोपी पुन्हा डोक्यावर. दोघं समोरासमोर आले. म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलं नाही आणि त्याला वाटही दिली नाही. “चाल व,” त्यांनी बायकोला हाक मारली. “एस्टी चुकन.”

कौशल्याबाई शलोमीवहिनींचा हात सोडवून घेत आल्या आणि धर्मेंद्रच्या पुढ्यात, उंबऱ्यातच थांबल्या.

“कुठी चालला?”

“जातो कुठीबी.”

“कुठीबी नाई. मागं फिर.” मग त्या संध्याकडे वळल्या. इतक्या वेळात त्यांनी तिच्याकडे पहिल्यांदा पाहिलं होतं, आणि त्या नजरेत माया नव्हती, मैत्री नव्हती, होती ती ताकीद. “बाई, याले जाऊ देऊ नोका. नोय, दया नाई आली मले याची. माह्या सुनेले घेऊन येतो, नातवाले घेऊन येतो. त्याइच्यासमोर याले पुन्हा उभा करा, हेच, असंच, वरडून बोलाले लावा. गावात मी घसा फोडून सांगतलं तरी कोणी आयकत नाई, मी आई पडली. हा गेला तं आमी साक्ष कोणाले मांगाव? माह्या पोराच्या बाजूनं बोलणारा हा एकच साक्षीदार हाय.”